तीस माणसांच्या चुलीपुढची मारियानाबाई

२५ नोव्हेंबर १८८१ चा दिवस. उत्तर इटलीत लोंबार्डी प्रांतात बेर्गामो नावाचे शहर आहे. तिथून बारा-पंधरा किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी एक खेडे. नावच मुळी 'सोत्तो इल मोंते', म्हणजे डोंगराखालचे गाव. त्या गावात अर्धेलीने शेती करणाऱ्या रोंकाल्ली कुटुंबात सकाळी बाळ जन्मले. तीन मुलींच्या पाठीवर झालेला हा पहिला मुलगा. बाहेर पाऊस आणि बोचरा वारा. पण बाळाचा बाप्तिस्मा त्याच दिवशी व्हायला हवा, असा त्या घरचा कटाक्ष. बाळंतीण अंथरुणातून उठली, अंगावर कपडे चढवले आणि नवऱ्याबरोबर बाळाला घेऊन देवळाकडे निघाली, असे सांगतात. तिथे गेल्यावर कळले, की फादर कुठे आजाऱ्याकडे गेलेले आहेत. मग ते येईपर्यंत सगळे थांबून राहिले. ते आले, बाप्तिस्मा झाला, आणि मुलाचे नाव आंजेलो ज्युझेप्पे ठेवले गेले.

हाच आंजेलो शहात्तर वर्षांनी, १९५८ साली, जगभरच्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा सर्वांत मोठा धर्मगुरू, म्हणजे पोप झाला. पोप जॉन तेविसावे या नावाने जग त्यांना ओळखते. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपण ओळख करून घेऊ ती त्या पावसात निघालेल्या बाळंतिणीची. तिचे नाव मारियाना. माहेरचे आडनाव माझ्झोला. ऐंशीच्या वर आयुष्य लाभलेली, तेरा लेकरांना जन्म दिलेली ही शेतकरीण. एवढे मोठे आयुष्य तिने एकाच गावच्या मातीत काढले.

मारियानाचे लग्न १८७७ साली जोव्हान्नी बात्तिस्ता रोंकाल्ली यांच्याशी झाले. सासर म्हणजे मोठे खटले. घराला लोक 'पलाझ्झो', म्हणजे वाडा म्हणत. नाव वाडा, पण आत गुरांचा गोठा आणि माणसांची दाटी. घरात कर्ता पुरुष म्हणजे नवऱ्याचा चुलता झावेरिओ. जन्माचा ब्रह्मचारी, देवभोळा, आणि घरात त्याचाच शब्द चालायचा. शिवाय चुलत दिराचे कुटुंबही एकत्रच. लहानमोठी मिळून तीसेक माणसे एका चुलीवर जेवत. आपल्याकडच्या ज्या आयाबाया एकत्र कुटुंबात नांदल्या आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जमीन स्वतःची नव्हती. ती मोर्लानी नावाच्या बेर्गामोच्या सरदार घराण्याची. इटलीत तेव्हा अर्धेलीची पद्धत सर्रास होती. राबायचे कुळाने, आणि जे पिकेल त्यातले अर्धे मालकाचे. धान्यात अर्धे, दुधात अर्धे, रेशमाच्या कोषातही अर्धे. मालकाची मर्जी फिरली तर खाट-भांडी उचलून चालते व्हावे लागे. त्याच बेर्गामो परिसरातल्या अर्धेकऱ्यांच्या जिण्यावर एर्मान्नो ओल्मी या दिग्दर्शकाने 'लाकडी खडावांचे झाड' अशा अर्थाच्या नावाचा एक सिनेमा काढला. १९७८ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात नट म्हणून गावातलेच खरे शेतकरी घेतले होते. शाळेत चालत जाणाऱ्या पोराच्या खडावा मोडल्या म्हणून बाप मालकाचे एक झाड चोरून तोडतो, आणि तेवढ्यापायी अख्खे कुटुंब घराबाहेर पडते, अशी त्याची गोष्ट. इटलीत अर्धेलीचे नवे करार करायला बंदी आली ती थेट १९६४ च्या कायद्याने. आपल्याकडे कसेल त्याची जमीन म्हणून १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, हे जुन्या लोकांना आठवत असेल. म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्या काही वर्षे आधीच होतो.

रेशमाचे थोडे अधिक सांगायला हवे, कारण ते काम मुख्यतः बायकांचे. आज मराठवाड्यात तुतीची लागवड करणाऱ्या घरांना रेशीम किड्यांची खादाडी माहीत आहे. अंड्यातून निघालेला किडा महिन्याभरात कोष करतो, पण चौथी कात टाकल्यानंतरचे सात-आठ दिवस तो जो काही पाला खातो, तो आधीच्या सगळ्या दिवसांच्या कितीतरी पट असतो. पाला ओला चालत नाही, शिळा चालत नाही, थंडी चालत नाही, धूर चालत नाही. उत्तर इटलीत त्या काळी किड्यांसाठी वेगळी शेड कुणाकडे असणार? घरातली उबेची खोली किड्यांना देऊन माणसे इकडेतिकडे पथारी टाकत. अंडी उबवण्यासाठी बायका ती कापडाच्या पुरचुंडीत बांधून स्वतःच्या अंगाशी, छातीशी धरून ठेवत. आपल्या लेकराइतकीच काळजी. आणि कोष तयार झाले, की निम्मे मालकाच्या गाडीत.

मारियानाबाईंच्या घरचे जेवण कसे होते, हे त्यांच्या मुलाने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. ताटात पाव कधी नसायचा. रोज पोलेंता. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. मुलांना आणि तरण्या पोरांना द्राक्षाची दारू मिळत नसे, मांस क्वचित. नाताळ आणि ईस्टरला घरी केलेल्या गोड पावाची एकेक फोड, तीच चैन. देवळात जाण्याचे कपडे आणि बूट वर्षानुवर्षे पुरवायचे. तरीही आम्ही दुःखी नव्हतो, देव पाठीशी आहे असे वाटायचे, असेही तो म्हणतो.

नुसत्या मक्यावर जगण्यात एक मोठा धोका असतो आणि त्या काळी उत्तर इटलीच्या खेड्यांनी तो पुरेपूर भोगला. पेलाग्रा नावाचा रोग. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागाची कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि शेवटी माणसाच्या डोक्यावरही परिणाम होतो. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असते, पण शरीराला ते मिळत नाही. मक्याचे मूळ घर म्हणजे मेक्सिको. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटे होते. युरोपात मका आला, पण त्या बायकांची युक्ती आली नाही. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही हा रोग दिसून आला होता, म्हणून हे विषयांतर केले. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, वाटीभर दूध का लागते, त्याचे एक उत्तर यात आहे.

आता त्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट. ही मुलाच्या मनात कायमची राहिली. घरात वीसेक पोरे कढणाच्या वाडग्याची वाट पाहत बसलेली. भूक अशी, की एकमेकांच्या वाडग्यावर डोळे. अशा वेळी दाराशी भिकारी येऊन उभा राहायचा. मारियानाबाई लगबगीने उठून त्या अनोळखी माणसाला आत बोलवायच्या आणि मुलांच्याच पंगतीत, मुलांच्या शेजारी बसवायच्या. जागा नाही, असे त्या घरात कधी झाले नाही. बाहेरच्या ओट्यावर वाढून देणे वेगळे आणि लेकरांच्या मांडीला मांडी लावून बसवणे वेगळे. ज्या घरात निम्मे पीक दुसऱ्याचे, तिथे एक वाडगा जास्तीचा भरायचा म्हणजे बाकीच्या वाडग्यांतून चमचा-चमचा काढायचा. तो हिशेब तिच्याच हाती होता.

भक्ती ही या घरात वेगळी काढून ठेवायची वस्तू नव्हती. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी देवळाची घंटा वाजली, की हातातले काम क्षणभर थांबवून प्रार्थना म्हणायची. रात्री सगळ्यांनी मिळून जपमाळ. वसईच्या वाड्यांमधून ज्यांनी संध्याकाळच्या जपमाळेचा सामुदायिक सूर ऐकला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. आणि आपल्या वारकरी घरांतला हरिपाठही याहून फार लांबचा नाही.

आंजेलोला आयुष्यातले पहिले आठवे ते आईबद्दलचेच. तो चारेक वर्षांचा असेल. नोव्हेंबरात मरियामातेचा एक सण असतो. गावापासून जवळच तिचे एक लहानसे देऊळ आहे. मारियानाबाई पोरांना घेऊन पायी निघाल्या. बरोबर लहानगी, कुणी कडेवर, कुणी बोटाला. पोचेपर्यंत देऊळ गच्च भरलेले, आत पाऊल ठेवायला जागा नाही. तेव्हा बाईंनी एकेका पोराला उचलून खिडकीशी धरले आणि आतली मूर्ती दाखवली. आंजेलोला उचलल्यावर म्हणाल्या, की बघ किती सुंदर आहे ती, मी तुला तिच्या ओटीत घातले आहे. पोप झाल्यावरही ते ही खिडकी विसरले नव्हते.

तेरा बाळंतपणे वीस वर्षांच्या आत. १८७७ ते १८९६. त्यातली तीन लेकरे लहानपणीच गेली. थोरली मुलगी पाच-सहा वर्षांची होऊन गेली, एक मुलगा तान्हा असतानाच आणि शेंडेफळ दुसऱ्या वर्षी. पुढे १९१८ मध्ये एन्रिका ही तरणी मुलगी गेली. त्या काळी सगळीकडे असेच होते, असे आपण सहज म्हणून जातो. पण मूल गेलेल्या घरात दुसऱ्या दिवशी तीस माणसांचा घाटा ढवळायला त्याच बाईला उभे राहावे लागत असे, हे त्या वाक्यात येत नाही.

आंजेलो शाळेत हुशार निघाला. गावच्या फादरांनी त्याला लॅटिन शिकवले आणि १८९२ साली तो बेर्गामोच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या विद्यालयात गेला. अकरा वर्षांचा पोर. शेतकऱ्याच्या घरात अकरा वर्षांचा मुलगा म्हणजे अर्धा गडी. तो हात कमी झाला आणि वर खर्च वाढला. मारियानाबाई पदर पसरून नातेवाइकांच्या घरोघर गेल्या. दिवसभर हिंडून परत आल्या तेव्हा हाती दोन लिरा होते आणि टेबलाशी बसून त्या रडल्या, अशी आठवण सांगितली जाते. फीच्या कामी अखेर मदत झाली ती मोर्लानी घराण्यातल्याच एका धर्मगुरूची. म्हणजे अर्धे पीक नेणाऱ्या घरातूनच मुलाच्या शिक्षणाला हात मिळाला. जगाचे व्यवहार असे सरमिसळ असतात. त्याला एकाच रंगाने रंगवता येत नाही.

मुलगा शिकला, की घरात जे होते, ते याही घरात झाले. १८९८ चा उन्हाळा. सोळा वर्षांचा आंजेलो सुटीत घरी आला होता. सेमिनरीतली शिस्त, शांतता, पुस्तके आणि इकडे घरात तीस माणसांचा गलबला. आई कसल्याशा गोष्टीची चौकशी करू लागली तेव्हा त्याने तिला जरा तोडूनच सांगितले, की नसत्या चौकशा कशाला. आईला ते फार लागले. तू माझ्याशी कधी गोडीने बोलतच नाहीस, नेहमी फटकून वागतोस, असे ती म्हणाली. हे सारे त्याने त्याच वेळी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. आईच्या तोंडून असे काही ऐकावे लागेल, असे वाटले नव्हते, माझ्यामुळे तिला दुःख झाले आणि त्याहून जास्त मला झाले, मी अधिक सौम्यपणे बोलू शकलो असतो, अशी ती नोंद. ही रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये छापली गेली, म्हणून आपल्याला कळते. वसतिगृहात मुले ठेवणाऱ्या कुठल्याही आईने वाचावे असे ते पान आहे. आमच्या मते पोपच्या आईचे खरे मोठेपण कुठे दिसत असेल तर त्या रागावण्यात. मुलगा देवाला दिला होता, पण त्याने घरात नीट बोलावे, हा हक्क तिने सोडलेला नव्हता.

१० ऑगस्ट १९०४ रोजी रोममध्ये आंजेलो धर्मगुरू झाला. त्या समारंभाला आईबाप नव्हते. रोमपर्यंतचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. पाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला त्याने आपल्या गावच्या देवळात मिस्सा केली तेव्हा सगळे घर समोर बसले होते.

त्यानंतर मुलगा लांबच राहिला. १९२५ साली बिशप होऊन बल्गेरियात, तिथून १९३५ पासून इस्तंबूलला. उन्हाळ्यात काही दिवस गावी येई, त्यासाठी गावात एक घर भाड्याने घेतले होते. आंचिल्ला आणि मारिया या अविवाहित बहिणी ते घर सांभाळत. एरवी सारा संबंध पत्रांतून. घरच्यांना लिहिलेली त्यांची सातशेहून अधिक पत्रे पुढे ग्रंथरूपाने निघाली. त्यांत धर्माच्या गोष्टी आहेतच, पण कर्ज, पीक, आजारपण, भावाभावांनी आणि जावाजावांनी सलोख्याने राहावे, हेही आहे. अर्धेलीतून बाहेर पडून या कुटुंबाने 'कोलोंबेरा' नावाचे घर आणि जमीन पुढे विकत घेतली होती आणि विकत घेतलेली जमीन म्हणजे मागे हप्ते आलेच. त्यातले एक पत्र १९३० सालचे, सोफियाहून आईबापांना लिहिलेले. त्याचा आशय असा, की दहा-अकरा वर्षांचा असताना घर सोडल्यापासून मी पुष्कळ पुस्तके वाचली, तुम्ही शिकवू शकला नसतात असे खूप काही शिकलो. पण तुमच्याकडून जे थोडे शिकलो, तेच सर्वांत मोलाचे ठरले आणि बाकीच्या सगळ्याला त्यानेच आधार दिला. १८९८ च्या उन्हाळ्यानंतर बत्तीस वर्षांनी आलेले हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

१९३५ च्या जुलैत म्हातारा गेला. मुलगा येऊ शकला नाही. २० फेब्रुवारी १९३९ रोजी मारियानाबाई गेल्या. तेव्हाही मुलगा इस्तंबूललाच होता. दहाच दिवसांपूर्वी पोप अकरावे पायस वारले होते आणि त्या गडबडीत त्याला कामाची जागा सोडता आली नाही. ज्या बाईने बाळंतपणाच्या दिवशी उठून मुलाला पावसात देवळात नेले, तिला माती द्यायला तोच मुलगा नव्हता. अधिकाराच्या जागेवरच्या माणसाला असली किंमत मोजावी लागते, पण ती मोजताना घरचेही मोजत असतात.

मुलगा पोप झालेला मारियानाबाईंनी पाहिला नाही. २८ ऑक्टोबर १९५८ ला निवड झाली तेव्हा त्यांना जाऊन एकोणीस वर्षे लोटली होती. ४ नोव्हेंबरच्या राज्याभिषेकाला हयात असलेले शेतकरी भाऊ आणि बहीण आसुंता रोमला आली. राजदूत आणि राजघराण्यांतली माणसे जिथे बसलेली, तिथे ही रापलेल्या हातांची माणसे. भाऊ पोप झाला म्हणून त्यांना ना पदव्या मिळाल्या, ना जमीनजुमला. त्याने तो दिलाच नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भाऊ झावेरिओला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट कळवले, की पोपच्या नातेवाइकांनी साधेपणाने, अब्रूने गरिबीत राहावे, यातच आपला मान आहे. काही जणांना हे कठोर वाटेल. आम्हालाही वाचताना थोडे वाटलेच. म्हातारपणी भावांच्या घराला एक चांगली खोली बांधून दिली असती तर कुठे धर्म बुडाला असता? पण त्या घराण्याला ते पटले असावे, कारण ते तसेच राहिले.

घरच्यांना काही न देणाऱ्या या माणसाने शेतकऱ्यांसाठी मात्र एक मोठे काम केले. १५ मे १९६१ रोजी त्यांनी 'मातेर एत माजिस्त्रा', म्हणजे 'माता आणि शिक्षिका', या नावाचे पत्रक जगभरच्या चर्चला धाडले. त्यात शेतीवर सविस्तर भाग आहे. शेती मागे का पडते, माणसे गाव का सोडतात, हे विचारून खेड्यात रस्ते, पिण्याचे पाणी, दवाखाने, शाळा हव्यात, परवडणाऱ्या व्याजाचे कर्ज हवे, पिकाचा आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचा विमा हवा, सहकारी संस्था हव्यात, असे सांगितले आहे. भावाविषयीचे म्हणणे तर आपल्या कोपऱ्यावरच्या चर्चेत शोभावे असे आहे. शेतमालाची किंमत ही बहुतांशी गुंतवलेल्या भांडवलावरचा नफा नसून शेतकऱ्याच्या श्रमाची मजुरी असते, म्हणून तिला संरक्षण हवे. भारतात शेतमालाच्या किमतींसाठी आयोग नेमला गेला तो १९६५ मध्ये. निम्मे कोष मालकाच्या गाडीत जाताना ज्याने लहानपणी पाहिले, त्यालाच हे असे लिहिता आले.

आणखी एक धागा थेट आपल्या वसईपर्यंत येतो. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी याच पोपने रोममध्ये जगातल्या बिशपांची महापरिषद भरवली. ती १९६५ पर्यंत चालली. तिच्या निर्णयांनी मिस्सा लोकांच्या भाषेत म्हणायची वाट मोकळी झाली. मारियानाबाईंनी जन्मभर लॅटिनमधली मिस्सा ऐकली. वसईच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत राबणाऱ्या आज्यांनीही तोवर लॅटिनच ऐकले होते. त्यानंतर वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. पहाटे फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन लोकलने मुंबईला जाणाऱ्या बाईला रविवारी आपल्या भाषेत देवाचे बोलणे कळू लागले, याचे एक मूळ सोत्तो इल मोंतेच्या त्या धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात आहे.

पोप जॉन १९६३ च्या ३ जूनला वारले. शेवटच्या दिवसांत झावेरिओ, आल्फ्रेदो, ज्युझेप्पे आणि आसुंता ही भावंडे गावाहून येऊन त्यांच्या बिछान्याशी थांबली होती. मारियानाबाईंच्या तेरांपैकी हयात राहिलेली पाचही लेकरे पुन्हा एकदा एका खोलीत होती. त्याच वर्षी गावाच्या नावापुढे पोपचे नाव जोडले गेले. २०१४ साली त्यांना संत म्हणून जाहीर केल्यावर तिथे येणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. आलेल्या माणसांना ती जन्माची खोली दाखवतात. साधी खोली आहे, खाली दगडी अंगण.